प्राथमिक वर्गातील चित्रकलेला कोरा कागद द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात नाशिक शहरातील एका प्राथमिक शाळेचे कलाप्रदर्शन पाहण्याचा योग आला. दुसरी आणि तिसरीच्या मुलांची चित्रे व्हरांड्यात दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेली होती. पहिल्या चित्रात दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून वर येणारा अर्धा सूर्य, डोंगरामागून निघून नागमोडी वळणे घेत कागदाच्या तळाशी येणारी नदी, एका काठावर कौलारू घर आणि दुसऱ्या काठावर नारळाचे झाड होते. दुसऱ्या चित्रातही तेच होते आणि तिसऱ्यातही. मी मोजत गेले, तेव्हा 41 पैकी 36 चित्रे एकाच साच्यातली निघाली. फरक असलाच तर तो नदीच्या निळ्या रंगात होता. पालक कौतुकाने मोबाइलवर फोटो काढत होते. मला मात्र वाईट वाटत होते, कारण त्याच व्हरांड्याच्या कठड्यावरून त्रिरश्मीचा डोंगर स्वच्छ दिसत होता आणि तो एकाही चित्रात नव्हता.

नाशिकच्या मुलाला डोंगर फळ्यावरून शिकावा लागू नये. पांडवलेण्यांचा त्रिरश्मी शंकूसारखा निमुळता आहे, अंजनेरीचा माथा सपाट आहे, ब्रह्मगिरीचे कडे भिंतीसारखे सरळ उभे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक साचून बनलेले हे डोंगर असल्याने त्यांच्या अंगावर पायऱ्यांसारखे आडवे पट्टे दिसतात. पावसाळा सरला की त्या पट्ट्यांवरचे गवत पिवळे पडते आणि मधला कातळ काळाच राहतो. आठ वर्षांच्या मुलाला खिडकीपाशी नेऊन 'आज डोंगर कसा दिसतोय?' एवढेच विचारले, तरी यातले निम्मे तो स्वतः सांगतो. नारळाचेही तसेच आहे. ज्या मुलांच्या मैदानात कडुनिंब, वड आणि गुलमोहर उभे आहेत, ज्यांनी कडुनिंबाच्या निंबोळ्या वेचल्या आहेत, त्यांच्या चित्रात वर्षानुवर्षे कोकणातले झाड उगवते, याचे कारण ते झाड काढायला सोपे आहे आणि बाईंनी फळ्यावर तेच काढून दाखवले आहे.

मी 28 वर्षे कलाशिक्षिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर नाशिक शहर व दिंडोरी तालुक्यातील काही प्राथमिक शाळांत आठवड्यातून एकदा मुलांबरोबर बसते. त्यामुळे त्या बाईंना दोष द्यावा, असे मला मुळीच वाटत नाही. एका वर्गात चाळीसहून अधिक मुले, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा मिनिटे पाट्या-दप्तरे आवरण्यात जाणार, आणि तोच तास गणिताचा भाग पूर्ण करण्यासाठी कधीही मागून घेतला जाणार, अशा अवस्थेत फळ्यावर एक चित्र काढून 'हे काढा आणि रंगवा' असे सांगण्यापलीकडे त्यांच्या हाती फारसे उरत नाही. शिवाय त्या कलाशिक्षिका नसतात. शिक्षणहक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात अंशकालीन कला निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी तसे काही नाही. तिथे वर्गशिक्षकानेच भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि चित्रकला असे सगळे शिकवायचे असते. ज्या वयात मूल सर्वांत मोकळेपणाने चित्र काढते, नेमक्या त्याच वयात त्याच्याजवळ चित्र समजणारा माणूस नसावा, ही आपल्या व्यवस्थेतील फार मोठी उणीव आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

चित्र समजणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. दिंडोरी तालुक्यातील एका शाळेत दुसरीतल्या मुलीला 'घरातले कोणी काम करत आहे, ते काढ' असे सांगितले होते. तिची आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. मुलीने मांडवाच्या तारा कागदाच्या वरच्या कडेला आडव्या ओढल्या, खाली आई काढली आणि आईच्या हातात एक मग काढला. घड मगात बुडवून काढायचे काम, ज्याला बागेत सगळे डिपिंग म्हणतात, ते चालू होते. मगाच्या आत औषधाचे पाणी आणि त्यात बुडालेला घड, मण्या-मण्यांसकट, पूर्ण दिसत होता. आईचा उजवा हात डाव्या हाताच्या दुप्पट लांब होता, कारण तो तारेपर्यंत पोहोचायला हवा होता. शेजारून जाणाऱ्या एका शिक्षकांनी प्रेमानेच सांगितले, 'अगं, मग काय काचेचा आहे का? घड दिसणार नाही आतला.' मुलीने खोडरबर हातात घेतला. मी तिला थांबवले. घड आत आहे हे तिला ठाऊक होते, आणि जे ठाऊक आहे ते दाखवायचे असते, या तिच्या नियमाने तिचे चित्र अचूक होते.

हा नियम तिच्या एकटीचा नाही. या वयाची मुले डोळ्यांना दिसते तेवढेच काढत नाहीत. जे माहीत आहे आणि जे महत्त्वाचे वाटते, ते काढतात. म्हणून घराची भिंत पारदर्शक होते, जेवणाच्या ताटातला प्रत्येक पदार्थ वरून दिसतो, बैलाचे चारही पाय वेगवेगळे मोजता येतात आणि आजी झाडापेक्षा उंच होते. ऑस्ट्रियात वाढलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी गेल्या शतकात मुलांच्या चित्रांतील या पायऱ्या तपशिलाने मांडल्या. दोन ते चार वर्षांतील रेघोट्या, चार ते सात वर्षांतील गोल डोक्याला थेट हातपाय फुटलेली माणसे, सात ते नऊ वर्षांच्या सुमारास कागदाच्या तळाशी येणारी जमिनीची रेषा आणि वर आभाळाची पट्टी, आणि त्यानंतर 'माझे चित्र खऱ्यासारखे का दिसत नाही?' ही बोच, असा तो क्रम आहे. ही शेवटची पायरी नाजूक असते. चौथी-पाचवीत 'मला चित्र येत नाही' असे म्हणून कागद बाजूला सारणारी मुले मी शेकड्यांनी पाहिली आहेत. त्यांतील बहुतेकांना आधीच्या तीन वर्षांत स्वतःचे असे एकही चित्र काढायला मिळालेले नव्हते. आयता डोंगर गिरवता येत होता तोवर ती काढत होती, आणि तो पुरेनासा झाल्यावर त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते.

दुसरा आजार प्रकल्पाचा आहे. प्रकल्प हा शब्द शाळेत आला, तेव्हा त्यामागे चांगला विचार होता. मुलाने एखाद्या गोष्टीचा काही दिवस पाठपुरावा करावा, हाताने करावे, चुकावे, पुन्हा करावे. प्रत्यक्षात काय होते, ते मी माझ्याच घरी पाहिले. माझी नात तिसरीत आहे. एका रात्री नऊच्या सुमारास तिच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला की, उद्या सर्वांनी वारली चित्र रंगवलेले मातीचे मडके आणावे. माझ्या सुनेने उरलेल्या ॲक्रिलिक रंगांनी, इंटरनेटवरचे चित्र समोर ठेवून, साडेअकरापर्यंत मडके रंगवले. नात शेजारी झोपून गेली होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या टेबलावर अशी तीसेक मडकी मांडली गेली, त्यांचा फोटो निघाला आणि सर्वोत्कृष्ट मडक्याला प्रमाणपत्र मिळाले. ज्या आईवडिलांना हेही जमत नाही, ते स्टेशनरीच्या दुकानातून तयार वस्तू घेऊन येतात. मूल या सगळ्यातून शिकते ते एवढेच की, आपल्या हातचे काम दाखवण्याच्या योग्यतेचे नसते. ही गोष्ट मला फार लागते.

वारलीचेच पाहू. ज्यांच्या घरांतून ही कला आली, ते वारली बांधव आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत राहतात. कारवीच्या कुडावर शेण-मातीचा लेप, त्यावर गेरू, तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि टोक चघळून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्यावर ती उभी आहे. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चौकोनी चित्र, लिहिण्याचा मान सवाशिणींचा असतो, आणि तो 'लिहायचा' असतो, काढायचा नव्हे, हा शब्दसुद्धा मुलांना सांगण्याजोगा आहे. पुढे पालघर जिल्ह्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर आणली, जगभर नेली आणि त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. वर्तुळ, त्रिकोण आणि रेषा यांतून माणूस वाकलेला, धावणारा, ओझे उचललेला कसा दाखवता येतो, हे सहा वर्षांच्या मुलालाही उमगते. मग त्याने तारपा नृत्याची नक्कल करण्यापेक्षा आपल्या गल्लीतला भाजीवाला, सिटीलिंकच्या बसला लोंबकळणारा माणूस किंवा मैदानावरची खो-खोची रांग त्या रेषांत काढून पाहावी. मी हे तिसरीच्या एका वर्गात केले. खो-खोत पाठमोरे बसलेले आणि समोर तोंड करून बसलेले खेळाडू कसे वेगळे दाखवायचे, यावर मुले अर्धा तास वाद घालत होती, आणि शेवटी एकाने पाठमोऱ्याला फक्त वेणी काढून प्रश्न सोडवला. त्याच्या संघात मुलीच होत्या.

चांगला कलाप्रकल्प महाग नसतो, पण त्याला सलग वेळ लागतो. रंगांवरचा एक प्रकल्प आम्ही चार आठवडे चालवला, तो थोडा विस्ताराने सांगते, कारण तो कोणत्याही शिक्षकाला करता येईल. पहिल्या आठवड्यात मुलांनी घरून कांद्याची सालं आणली. आपल्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. शिक्षकांनी ती पाण्यात उकळली आणि गार झालेले तपकिरी-पिवळे पाणी मुलांनी कापसाच्या बोळ्याने कागदावर पसरले. लाल कांद्याच्या आणि पांढऱ्या कांद्याच्या सालींचे पाणी वेगळे दिसते, हे मुलांनीच दाखवून दिले. दुसऱ्या आठवड्यात कागदावर हळदीचे पाणी लावून वाळवले आणि काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून साबणाच्या पाण्याने त्यावर चित्र काढायला सांगितले. पिवळ्या कागदावर लालसर रेघ उमटली, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो ऐकून मुख्याध्यापिका धावत आल्या. शर्टावरचा वरणाचा डाग धुताना लाल का होतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले, आणि एका मुलाने घरी जाऊन आईलाही ते सांगितले. तिसऱ्या आठवड्यात गेरू, कोळशाची पूड आणि पालकाचा रस आला. पालकाचा हिरवा रंग काही दिवसांनी उडाला आणि गेरूचा तसाच राहिला, तेव्हा कोणते रंग टिकतात याची नोंद मुलांनी स्वतःच्या वहीत ठेवली. चौथ्या आठवड्यात या सगळ्या कागदांचे तुकडे फाडून, खळीने चिकटवून प्रत्येकाने एक चित्र केले. विषय होता रंगपंचमी. आपल्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे दगडी हौद, आहेत, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि त्यात उडी मारण्याची प्रथा अजून चालू आहे. मुलांनी रहाडीचे चित्र काढताना पाण्याच्या आतले पायही काढले, आणि कोणीही ते खोडायला लावले नाहीत.

सहलीचाही असाच उपयोग व्हावा. पांडवलेण्यांना शाळांच्या सहली नेहमी जातात. मुले पायऱ्या चढतात, डबे खातात, रांगेने फोटो काढतात आणि उतरतात. तिथे एकूण 24 लेणी आहेत आणि एका दिवसात ती सगळी पाहण्याचा आग्रह कशासाठी, हे मला कळत नाही. फक्त तिसऱ्या लेण्यापाशी मुलांना वीस मिनिटे पॅड आणि पेन्सिल घेऊन बसवावे. त्याच्या ओसरीखाली पायथ्याशी सहा बलदंड आकृत्या आहेत, ज्या पालखी उचलावी तशी साऱ्या लेण्याची तुळई खांद्यावर घेऊन उभ्या आहेत. त्यांचे खांदे, गळ्यातील दागिने, चेहऱ्यावरचा ताण हे सगळे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने छिन्नीने काढले, आणि तेही आपल्या गावात. एका मुलाने मला विचारले होते की, ते खाली ठेवून कधी बसतात का. त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या या माणसाने आधी मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकली आणि नंतर चित्रांना हलायला लावले, ही गोष्ट स्मारकाच्या सहलीत एकदा तरी सांगितली जावी.

अक्षरापूर्वी चित्र असावे, असे गांधीजींनी आत्मकथेत स्वच्छ लिहिले आहे. स्वतःचे अक्षर खराब राहिल्याचे दुःख सांगताना ते म्हणतात की, मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि मग लेखन. हाताने काम करत शिकण्याच्या गांधीजींच्या विचारावर चाललेल्या सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत चित्रकार देवीप्रसाद यांनी 1940 च्या दशकापासून कलाशिक्षण हे रोजच्या कामाचा भाग म्हणून चालवले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही कलेतून इतर विषय शिकवण्यावर भर आहे. म्हणजे विचारांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. वाण आहे ती कागदाची आणि वेळेची. मी कागद शब्दशः म्हणते. मुलांना चौकोनी छोट्या चित्रकलेच्या वहीत, पातळ पानावर, काठोकाठ छापलेल्या बाह्यरेषांत रंग भरायला दिले जातात. पहिली-दुसरीच्या मुलाचा हात खांद्यापासून हलतो. त्याला मोठा कागद आणि जाड खडू हवा. 22 बाय 30 इंचांच्या ड्रॉइंग पेपरचे चार भाग केले तर प्रत्येकी 11 बाय 15 इंचांचा कोरा तुकडा मिळतो आणि तो या वयाला पुरेसा आहे. तोही परवडत नसेल तर द्राक्षांच्या खोक्यांचा पुठ्ठा आणि जुनी वर्तमानपत्रे आपल्या जिल्ह्यात हवी तेवढी मिळतात.

मूल्यमापनाबाबत थोडेच लिहिते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी घ्यायच्या असतात. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत 'चित्रात आवडीने रंग भरतो' हे एक वाक्य संपूर्ण वर्गासाठी खाली खाली लिहिलेले आढळते. त्याऐवजी प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि मूल त्या चित्राबद्दल जे बोलले ते एक वाक्य लिहून चित्र फाइलला लावले, तर वर्षअखेरीस शिक्षकाला आणि पालकांना त्या मुलाची वाटचाल डोळ्यांसमोर दिसेल. रंगभरण स्पर्धा आणि पहिला-दुसरा क्रमांक हे चौथीपर्यंत बंदच करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा मोठ्या वर्गांतील मुलांसाठी आहेत आणि त्यांचे मोल मी जाणते. परंतु त्यांची तयारी म्हणून सात वर्षांच्या मुलाकडून संकल्पचित्राची घोटवणी करून घेणारे शिकवणी वर्ग पाहिले की जीव तुटतो.

महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांना आपल्या पत्रातून मी एवढेच मागते. प्राथमिक वर्गांच्या वेळापत्रकात कलेचे दोन तास सलग जोडून द्यावेत आणि ते दुसऱ्या विषयाला देऊ नयेत. ए.टी.डी. ही कलाशिक्षक पदविका झालेली अनेक तरुण मुले-मुली आज कामाच्या शोधात आहेत. प्रत्येक शाळेला शक्य नसेल तर केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, सर्व शाळा मिळून एक कलाशिक्षक नेमावा, जो आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत जाईल आणि केंद्रातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत वर्गशिक्षकांबरोबर प्रत्यक्ष काम करून दाखवील. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरातील भिंती रंगवल्या जातील, तेव्हा प्रत्येक शाळेच्या कुंपणाच्या भिंतीचा एक भाग, मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीपर्यंत, त्या शाळेच्या मुलांसाठी राखून ठेवावा, आणि त्यावर मोठ्यांनी आधी खडूने आकार काढून देऊ नयेत. आपल्या भागातील शाळांनी इच्छा दाखवल्यास वर सांगितलेला रंगांचा प्रकल्प वर्गात येऊन शिक्षकांबरोबर करण्यास मी विनामोबदला तयार आहे. कांद्याची सालं तेवढी शाळेने जमवून ठेवावीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका,
पंचवटी, नाशिक